महिन्याची बॅच, दहा दिवस काठावर: पाळीत पोहता येतं का?

काठावरची
१६ एप्रिल, रात्री १०:४०

सोलापुरात 'पाळी कधी सुटणार?' म्हटलं की निम्म्या लोकांना उजनी धरणाच्या कालव्याच्या पाण्याची पाळी आठवते. मला दुसऱ्या पाळीबद्दल विचारायचंय, तेव्हा ज्यांना अवघडल्यासारखं होईल त्यांनी इथूनच मागं फिरावं.

मी एक्केचाळीसची, लेक चौदाची. यंदा ऊन एप्रिल उजाडायच्या आतच असं तापलं की संध्याकाळी सातलाही भिंती हात लावू देईनात. लेकीनं हट्ट धरला म्हणून एक तारखेपासून दोघींनी पोहायच्या टँकवर सकाळची लेडीज बॅच लावली. पैसे महिन्याचे, आगाऊ, परत नाहीत. तिची पाळी पाच तारखेला आली, माझी बाराला. ती माझ्याशिवाय पाण्यात उतरत नाही, आणि मला अर्ध्या अंतरातच दम लागतो, कठडा धरून उभं राहावं लागतं (वय झालं, दुसरं काय). त्यामुळं ती नसली की मलाही धीर होत नाही. म्हणजे पाच दिवस तिचे, पाच माझे. दर सोमवारची सुट्टी धरली तर तीस दिवसांचे पैसे भरून सोळा-सतरा दिवस पोहणं. बाकीचे दिवस दोघी काठावर चपला सांभाळत.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर पत्र्याचा बोर्ड आहे: 'अडचणीच्या दिवसांत महिलांनी पाण्यात उतरू नये.' शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "पूर्वीपासून आहे तो." कुणी लावला, का लावला, त्यांनाही माहीत नाही.

तर तुम्ही काय वापरता? लेकीची मैत्रीण म्हणते पाण्यात गेलं की येणं बंद होतं, काही लागतच नाही. खरंय का? आणि चौदा वर्षांच्या मुलीला टॅम्पॉन (आत घालायची, दोरा लावलेली कापसाची सुरळी) किंवा कप (आत बसणारी, रक्त साठवणारी वाटी) द्यावा का? घरात सासूबाई आहेत, एवढंच सांगते.

शेंगाचटणी
१६ एप्रिल, रात्री ११:०५

काहीही वापर, पण पॅड घालून उतरू नकोस. मी हा पराक्रम हॉस्टेलला असताना केलाय. पॅडमध्ये ओलावा धरायची जी पावडर असते तिला रक्त काय आणि टँकचं पाणी काय, सारखंच. दोन मिनिटांत साबुदाणा भिजल्यासारखं फुगलं, चिकटपट्टी सुटली आणि कॉस्च्युमच्या एका बाजूनं बाहेर डोकवायला लागलं. मी शेवटपर्यंत पाण्यातच उभी. सगळ्या गेल्यावर बाहेर आले. वर पॅडच्या आतला जेलीसारखा लगदा कॉस्च्युमला चिकटलेला, तो धुताना रडू आलं.

ओपीडीनंतर
१६ एप्रिल, रात्री ११:५२

पेशानं स्त्रीरोगतज्ज्ञ. उद्या सकाळी लवकर केस आहे, पण हा धागा बघून राहवेना.

पाण्यात 'बंद होतं' हे अर्धं खरं. गर्भाशयातून रक्त येणं थांबत नाही. बाहेरून पाण्याचा दाब असतो म्हणून ते योनीतून बाहेर कमी पडतं. खोकलं, हसलं, जोरात पाय मारले की थोडं येऊ शकतं. आणि शिडी चढून बाहेर आलं की दाब गेला, थांबलेलं एकदम खाली. काठापासून खोलीपर्यंतची ती वीस पावलं हीच खरी अडचण असते. म्हणून अंगाच्या आत बसणारं काहीतरी लागतं: टॅम्पॉन किंवा कप. शेवटच्या एक-दोन दिवसांत, फक्त डाग पडण्याइतकं असेल तर पाळीसाठीचा खास कॉस्च्युम मिळतो. त्याच्या आत शोषणारा थर असतो आणि बाहेरचं कापड पाणी अडवतं. भर दिवसांत तो पुरत नाही.

वयाचं म्हणाल तर पाळी सुरू झालेली मुलगी टॅम्पॉनही वापरू शकते आणि कपही. वय ही अट नाही, तिची तयारी ही अट आहे. आईनं आणून हातात कोंबला असं नको. तिला समजावून सांगा, चित्र दाखवा, आरसा द्या. नको म्हणाली तर विषय सोडा.

'पडदा फाटेल' हा प्रश्न आता येणारच, म्हणून आधीच सांगते. योनिपटल म्हणजे दार बंद करणारा कागद नव्हे. कडेनं असलेली लवचीक झालर आहे, मधे वाट असते, नाहीतर पाळी बाहेर कुठून आली असती? कुणाची जाड, कुणाची नसल्यासारखी. तिच्याकडं बघून मुलीबद्दल काहीही कळत नाही. कौमार्य तपासणीला वैद्यकीय आधार नाही हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ सालीच स्पष्ट म्हटलंय.

विहिरीतली
१७ एप्रिल, सकाळी ६:१५

माझं वय सदुसष्ट. माहेर बार्शीकडं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून थोरल्या भावानं विहिरीत ढकललं, तसं पोहायला शिकले. दोरी त्याच्या हातात. न्हाण आल्यावर मात्र पाळीत विहिरीकडं बघायचीसुद्धा सोय नव्हती. पाणी बाटतं म्हणे. आणि कापडाच्या घड्या घेऊन उतरणार तरी कशी? पुढं पुढं चार दिवसांचे आठ झाले, आठाचा महिना झाला आणि पोहणं सुटलंच. आता सुनेला सांगितलं, नातीला टँकवर घाल आणि एक दिवस चुकवू नको. धागा आवडला.

पाणी_आलं_का
१७ एप्रिल, सकाळी ९:२०

सगळ्यांचा आदर राखून विचारतो. बाटण्याबिटण्याचं सोडा, मी तसलं मानत नाही. पण त्याच पाण्यात बाकीची चाळीस-पन्नास माणसं उतरतात, लहान मुलं गुळण्या करतात. दुसऱ्याच्या रक्ताचं काय? पाच दिवस थांबलं तर काय बिघडतं? बोर्ड लावणाऱ्यानं काहीतरी विचार केलाच असेल की.

रिकामटेकडी
१७ एप्रिल, सकाळी ९:३१

चाळीस-पन्नास माणसांपैकी किती जण पाण्यातच मुततात, त्याचा बोर्ड कुठं आहे?

पीएच_साडेसात
१७ एप्रिल, दुपारी २:१०

तलावांच्या पाण्याची देखभाल हा माझा धंदा, तेव्हा @पाणी_आलं_का यांना हिशेबानंच उत्तर देतो.

पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल टँक घ्या. पाणी झालं चार लाख वीस हजार लिटर. बाईच्या सबंध पाळीत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे जेवणाचे दोन-तीन मोठे चमचे, तेही चार-पाच दिवसांत. टॅम्पॉन किंवा कप असेल तर पाऊण तासात पाण्यात जवळजवळ काहीच येत नाही. आलेच दोन थेंब, तर क्लोरीन त्याचा बंदोबस्त करतो. मोकळा क्लोरीन लिटरमागं १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ७.२ ते ७.८ एवढं सांभाळलं की झालं. कुणाच्या गुडघ्याला खरचटून रक्त आलं म्हणून आम्ही टँक रिकामा करत नाही.

आमचा खरा वैरी घाम, तेल आणि लघवी. क्लोरीन त्यांच्याशी संयोग पावला की क्लोरामाइन तयार होतं. टँकवर गेल्यावर जो झोंबरा वास येतो, डोळे लाल होतात, ते याच्यामुळं. लोक म्हणतात 'आज क्लोरीन जास्त टाकलाय'. खरं तर कामाचा क्लोरीन तेव्हा संपत आलेला असतो. मुलं गुळण्या करतात म्हणून काळजी असेल तर बोर्ड असा हवा: 'आधी शॉवर, मग टँक.' तो असतो, पण वाचतंय कोण!

पाणी_आलं_का
१७ एप्रिल, दुपारी ३:०२

लघवीचा मुद्दा मान्य. बाकी विचार करतो.

दोन_लेकींचा_बाप
१७ एप्रिल, रात्री ९:४५

पुरुषानं इथं लिहावं का, हा विचार करत कालपासून नुसता वाचतोय. थोरली बारावीत. बायको नोकरीनिमित्त बाहेरगावी, त्यामुळं मेडिकलातून आणायचं काम माझं. टॅम्पॉन मागितल्यावर पहिल्या दुकानात पोऱ्यानं पॅडच काळ्या पिशवीत घालून दिलं. दुसऱ्या ठिकाणी मालक म्हणाले, "असलं इकडं कोण घेतंय ओ, मागवून देतो." शेवटी ऑनलाइन मागवले. माहितीसाठी सांगतो: पाकिटावर शोषणक्षमता लिहिलेली असते आणि थेंबांची चित्रं असतात. सगळ्यात कमी थेंबांचा घ्या.

ओपीडीनंतर
१७ एप्रिल, रात्री १०:३०

वरचे बाबा बरोबर सांगतायत. टॅम्पॉनबाबत माझे नियम ऐकून घ्या.

आधी हात साबणानं धुवा. लागेल तेवढ्याच कमी शोषणाचा घ्या. पोहायच्या आधी नवा घाला आणि पोहून आल्यावर लगेच काढा, दोराही पाणी ओढतो. दोरा आत खोचून ठेवा, बाहेर दिसत नाही. एरवीही चार ते आठ तासांत बदला, आठच्या वर अजिबात नको. रात्री झोपताना पॅड लावा. पाळी नसताना किंवा अगदी थेंबभर असताना 'येईल म्हणून' घालू नका, कोरड्या जागी ओढला जातो आणि दुखतो.

एवढं का सांगते? टॉक्सिक शॉक सिंड्रोम. स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूचं विष रक्तात भिनतं. १९८० साली अमेरिकेत खूप शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळं असे रुग्ण एकदम वाढले होते आणि एक टॅम्पॉन बाजारातून मागं घ्यावा लागला होता. आज हा प्रकार फार दुर्मिळ आहे. पण टॅम्पॉन आत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या-जुलाब, चक्कर, उन्हानं भाजल्यासारखं लाल अंग असं काही झालं तर तो काढून टाका, थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना टॅम्पॉन वापरत होते हे सांगा. कपमुळंही क्वचित झालंय, तेव्हा कपवाल्यांनीही लक्षात ठेवावं.

घालताना सरळ वर ढकलू नका, तिथंच सगळ्या चुकतात. वाट कंबरेच्या मागच्या बाजूला, माकडहाडाकडं तिरपी जाते. बसल्यावर टोचत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नाही. नीट बसला की कळतसुद्धा नाही.

शेंगाचटणी
१७ एप्रिल, रात्री १०:४८

आता माझं ऐका, कप! चार वर्षं झाली. सिलिकॉनचा, वाटीसारखा. पोहायच्या आधी रिकामा करून घालायचा की विषय संपला. बारा तासांपर्यंत आत राहतो, शोषत नाही, नुसता साठवतो. नीट जपला तर एकच कप कित्येक वर्षं टिकतो. केरळातल्या कुंबळंगी गावात बायकांना हजारो कप वाटले होते, २०२२ साली ते गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झालं. आपण पाणी आठवड्यातून दोनदा येणारी माणसं, कप धुवायला तांब्याभर पुरतं हा वेगळा फायदा.

एकच सांगते. पहिल्यांदा टँकवर घालून जायचं नाही. दोन-तीन पाळ्या घरात सराव करायचा. माझा पहिला कप बाथरूममध्ये घडी सुटून बाणासारखा उडाला आणि बादलीवर आपटला. बाहेरून नवरा, "काय पडलं गं?"

मुट्टू
१८ एप्रिल, सकाळी ११:१२

आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू, निम्मी कन्नड. एकीकडं 'मैल' म्हणतात, एकीकडं 'मुट्टू', मराठीवाल्या मैत्रिणी 'कावळा शिवला' म्हणायच्या. तिन्ही भाषांत सल्ला एकच, लांब बस. मला तरी असं वाटतं की पहिल्या दिवशी माझं पोट इतकं दुखतं की पोहणं सोडा, पलंगावरून उठवत नाही. त्या दिवशी मला कुणी 'पोहलंच पाहिजे' म्हटलं तर मी त्याला टँकमध्ये ढकलेन. काठावर बसायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं एवढंच.

ओपीडीनंतर
१८ एप्रिल, दुपारी ४:४०

@मुट्टू, अगदी. थांबावंसं वाटलं तर थांबा. काही जणींना मात्र पाण्यात हलकी हालचाल केल्यावर दुखणं कमी होतं. पेटके येतात ते प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या रसायनामुळं, ते गर्भाशयाचे स्नायू आवळतं. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या गोळ्या तेच कमी करतात, पण उपाशीपोटी नको. मेफेनॅमिक ॲसिडनं क्वचित गंभीर ॲलर्जी होते, अंगावर पुरळ आणि ताप, म्हणून सरकारच्या औषधकोश आयोगानं २०२३ च्या अखेरीस सावध केलं होतं. घरात गोळी आहे म्हणून दर महिन्याला शेंगदाण्यासारखी खाऊ नका. दर वेळी पलंग धरावा लागत असेल तर दाखवून घ्या.

आणि कुणीतरी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या सुचवायच्या आत: लग्न, सत्यनारायण, गड्ड्याची यात्रा आली की माझ्याकडं रांग लागते. पोहण्याच्या बॅचसाठी त्या घेऊ नका. हार्मोन आहे ते. रक्ताची गुठळी, अर्धशिशी, यकृताचा त्रास असणाऱ्यांना धोका आहे. गोळीपेक्षा टॅम्पॉन सोपा.

रिकामटेकडी
१८ एप्रिल, संध्याकाळी ६:०५

२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चीनची फू युआनहुई रिलेत चौथी आल्यावर कॅमेऱ्यापुढं सरळ म्हणाली, काल रात्रीच पाळी आली, त्यामुळं थकवा आहे, पण ही सबब नाही. त्याच ऑलिम्पिकमध्ये तिनं शंभर मीटर बॅकस्ट्रोकचं ब्राँझही घेतलंय. तिकडंही लोकांनी तोंडात बोटं घातली होती, पाळीत पोहता येतं? आपला बोर्ड एकटा नाही.

कॉपरटीवाली
१८ एप्रिल, रात्री ८:३०

कॉपर-टी बसवलेल्यांनी कप वापरावा का?

ओपीडीनंतर
१८ एप्रिल, रात्री १०:१५

बसवणाऱ्या डॉक्टरला विचारूनच. कप काढताना ओढ बसून कॉपर-टी सरकल्याची उदाहरणं आहेत. वापरायचं ठरलं तर देठ धरून नुसतं खेचायचं नाही. तळ चिमटीत दाबून आधी हवा आत जाऊ द्यायची, पकड सुटली की काढायचा. हे खरं तर सगळ्यांनाच लागू आहे.

काठावरची
४ मे, सकाळी ११:५०

मे महिन्याचेही पैसे भरले. आता लेकीची हकिकत.

लेकीला हा अख्खा धागा वाचायला दिला. 'आई, तू हे लोकांना सांगितलंस?' म्हणून एक दिवस अबोला. मग स्वतःच म्हणाली, कप नको, बघूनच भीती वाटते, टॅम्पॉन बघू. काल पाळी आली. पहिला अर्धाच गेला, टोचतंय म्हणून काढून फेकला. मी दाराबाहेरून डॉक्टरांचं वाक्य वाचून दाखवत होते, "माकडहाडाकडं तिरपा." आतून ओरडली, "माकडहाड कुठं असतं ते सांग आधी!" दुसरा बसला. तासभर घरात नाचली, उड्या मारल्या, मग खात्री झाली.

आज सकाळी टँकवर गेलो. ती उतरली आणि मी काठावर, कारण माझंच पाऊल पुढं पडेना. पाऊण तास मी तिच्याकडं न बघता पाण्याकडं बघत होते. बाहेर आली, मागं वळून शिडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. काही नाही. खोलीत जाऊन लगेच काढला आणि कोरडे कपडे घातले. उद्याचं उद्या म्हणाली. मी अर्थात तिच्यासाठी लांब काळा टॉवेल घेऊन उभीच होते.

बोर्डाबद्दल कुणी काही विचारलं नाही. विचारणार तरी कसं, कळलं तर पाहिजे.

विहिरीतली
४ मे, दुपारी १:३०

पोरीची दृष्ट काढ.

काठावरची
११ मे, रात्री ९:२०

मी कप घेतला. दोन बाळंतपणं झाली आहेत म्हणून मोठ्या मापाचा. उकळण्याचा प्रश्न होता. स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर शक्य नाही, म्हणून माळ्यावरचं जुनं भगुनं काढलं आणि त्या देवळात गेल्या तेव्हा पाच मिनिटं उकळला. परवा पाळी आली. घडी तीनदा सुटली, चौथ्यांदा बसला. बोट फिरवून बघितलं, कडा पूर्ण उघडली होती.

पण एक विचारायचंय. कपावर आत मापाच्या रेघा आहेत. सगळ्या म्हणता बारा तास. माझा तीन तासांत वरच्या पंचवीसच्या रेघेपर्यंत भरतोय. काल दिवसात पाच वेळा रिकामा केला. गळत नाहीये, भरतोय. माप चुकलं का? की मोठा घ्यायला हवा?

शेंगाचटणी
११ मे, रात्री ९:३३

माझा अख्ख्या दिवसाला अर्धा भरतो गं. डॉक्टर, बघा ना.

ओपीडीनंतर
११ मे, रात्री ११:१०

माप चुकलेलं नाही. पाच कप म्हणजे एका दिवसात सव्वाशे मिलिलिटर. वर पीएचवाल्यांनी लिहिलंय तसं सबंध पाळीत ३० ते ४० जातं. ८० च्या पुढं गेलं की आम्ही अतिरक्तस्राव म्हणतो, आणि तुमचं ते एका दिवसात ओलांडलंय. पॅडवर हे कधी मोजलं जात नाही, 'मला जरा जास्तच जातं' एवढंच म्हणतात. तास-दोन तासांत पॅड भिजणं, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, सात दिवसांच्या वर चालणं, यातलं काही होतं का?

आणि तुमची पहिली पोस्ट मी आज परत वाचली. 'अर्ध्या अंतरातच दम लागतो, वय झालं.' एक्केचाळीस हे दम लागायचं वय नव्हे. या आठवड्यात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी करून घ्या. घाबरायचं नाही, पण पुढच्या महिन्यावर ढकलायचंही नाही. फार चक्कर आली किंवा रक्त थांबेना झालं तर वाट न बघता दवाखान्यात. रिपोर्ट येईपर्यंत पाण्यात उतरू नका. पाळी आहे म्हणून नाही, पाण्यात चक्कर आली तर काय, म्हणून.

काठावरची
११ मे, रात्री ११:२६

गाठी पडतात. वर्षभर पडतायत. आईच्याही पडायच्या म्हणून मी कधी विचारच केला नाही.

काठावरची
१७ मे, संध्याकाळी ७:४०

हिमोग्लोबिन ८.९. बारा तरी असायला हवं म्हणे. सोनोग्राफीत गर्भाशयात अडीच सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली, साधी आहे, लगेच ऑपरेशनची गरज नाही. थायरॉइड नॉर्मल. इथल्या डॉक्टर बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाबरोबर नाही. सोलापुरात सकाळी चहा नाही म्हणजे शिक्षाच, पण तासभर पुढं ढकललाय.

त्यांना कपावरच्या रेघांचा आकडा सांगितला तर म्हणाल्या, "पेशंट एवढा नेमका आकडा घेऊन येत नाहीत."

सासूबाईंना सांगावंच लागलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझंही असंच होतं. तेव्हा सांगायचं कुणाला?" भगुनं आता माळ्यावर नाही, न्हाणीतल्या फळीवर आहे.

पाणी_आलं_का
१७ मे, रात्री ८:१५

ताई, काळजी घ्या. बायकोला हा धागा दाखवला. तिनं माझा वरचा प्रतिसाद वाचला आणि जेवायला उशिरा वाढलं.

रिकामटेकडी
१७ मे, रात्री ८:१९

वाढलं तरी!

नवी_सभासद
९ जून, दुपारी १२:२०

धागा वर काढतेय. टँक नाही, तळ्यात किंवा विहिरीत पोहायचं असेल तर? गावी जाणार आहे.

ओपीडीनंतर
९ जून, रात्री १०:०५

तिथं क्लोरीन नसतो. साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात पाळी असो-नसो, उतरूच नये. वाहतं, स्वच्छ असेल तर टॅम्पॉनपेक्षा कप बरा, तो पाणी शोषत नाही. बाहेर आल्यावर साध्या पाण्यानं अंग धुवा. ओल्या कॉस्च्युममध्ये तासन्‌तास बसू नका, बुरशीची खाज त्यानंच येते. साबणानं आत धुवायचं नाही, आतली स्वच्छता शरीर स्वतः करतं. आणि हो, एकटीनं विहिरीत नाही.

काठावरची
१४ जून, सकाळी १०:५५

डॉक्टर बाईंनी परवानगी दिल्यावर गेल्या आठवड्यात परत सुरू केलं. हिमोग्लोबिन १०.४ झालंय. या पाळीत गोळ्यांमुळं कप दिवसातून तीनदाच रिकामा करावा लागला, तेही अर्धा. पहिले दोन दिवस मी घरीच थांबले, तिसऱ्या दिवशी कप घालून उतरले.

आज एका दमात पूर्ण पंचवीस मीटर. मधे कठड्याला हात लागला नाही. पलीकडं पोचले तेव्हा लेक आधीच काठावर बसून पाय हलवत होती, म्हणाली, "एवढा वेळ?"

बोर्ड आहे तिथंच आहे. मॅडमना परत विचारलं, वरच्यांना विचारते म्हणाल्या. त्याचा एक खिळा निघालाय, लेक तिची टोपी त्याच्यावर वाळत घालते.

टेरीटॉवेल
१४ जून, दुपारी ४:३०

आमचा यंत्रमागाचा धंदा, टॉवेलच विणतो. इतके दिवस गप्प वाचत होतो. काळ्या टॉवेलचा रंग क्लोरीननं पहिल्या दोन महिन्यांत मातकट होतो. गडद मरून किंवा नेव्ही ब्लू घ्या, जास्त दिवस टिकतो. पोहून आल्यावर आधी साध्या पाण्यातून काढा, मग साबण.

काठावरची
१४ जून, दुपारी ४:४१

मरून साठ इंची मिळेल का? दोन हवेत.

विहिरीतली
१४ जून, संध्याकाळी ६:००

तीन सांग. नातीला एक.